पिवळे तेवढेच गायब!

"माझा पट्टा कुठाय?" भिंगरी किंचाळली.

"आणि माझा?" तिचा मामेभाऊ खांब ओरडला.

कराटे शिबिराच्या हॉलमध्ये रात्रभर सगळ्यांचे पट्टे खुंट्यांवर टांगलेले असत. आज पांढरे होते, नारिंगी होते, पण पिवळा एकही नव्हता! आणि आजच पिवळ्यावरून नारिंगीत जाण्याची परीक्षा!

"ही खोडी कुणाची?" सर गरजले. "पट्ट्याशिवाय परीक्षेला उभं राहायचं नाही! शोधा!" एवढं बोलून ते परीक्षक मॅडमच्या स्वागताला धावले.

मॅडम वर्षातून एकदाच येत. गेल्या वर्षी नेमका त्याच दिवशी भिंगरीला ताप भरला होता. यंदाही हुकली तर?

"पण चोराला पिवळेच का हवेत?" शंका म्हणाली. त्यांच्या या मैत्रिणीला प्रश्नांवाचून घास उतरत नसे.

"कावीळ झाली असेल त्याला!" खांब म्हणाला.

"कावीळवाल्याला सगळंच पिवळं दिसतं. मग त्यानं सगळेच नेले असते ना!"

"अरे, माझं डोकं गरगरतंय आणि तुम्हाला विनोद सुचतायत?" भिंगरी चिडली. तेवढ्यात हॉल झाडणारे काका आत आले.

"काका, आमचे पिवळे पट्टे पाहिलेत?"

"म्हणजे काय! मीच काढले. सरांनी सांगितलं म्हणून."

सरांनीच काढायला लावले आणि सरच ओरडले? भिंगरीला काही म्हणजे काही कळेना.

"सर नक्की काय म्हणाले, काका?"

"म्हणाले, 'ते पिवळे पट्टे काढून टाका, पोरं अडखळून पडतात.' मला पटलंच! कमरेला ही शेपटं लोंबतात तुमच्या, पडाल नाहीतर काय!"

भिंगरीनं मान खाली घातली आणि तशीच खाली बघत राहिली. फरशीवर चिकटपट्टीचे पिवळे पट्टे आखलेले होते. त्यांच्या कडा पार उचकटल्या होत्या आणि त्यातच अडकून काल खांब धाडकन आपटला होता.

"अरे देवा! सर या पट्ट्यांबद्दल बोलत होते!"

"आँ?" काकांनी कपाळावर हात मारला. "मग मी ते कापडाचे... टाकायला जीव होईना गं. बाहेरच्या छताला बांधले."

अंगणात मॅडमसाठी कापडी छत उभारलं होतं. त्याच्या प्रत्येक बांबूला एकेक पिवळा पट्टा होता! आणि खाली खुर्चीत चक्क मॅडम बसल्या होत्या. शेजारी सर, हात जोडून!

"सरांना सांगू या?" खांब कुजबुजला.

"पाहुण्यांसमोर? आधी आपल्यालाच झापतील! उड्यांच्या दोऱ्या आण. आणि शंके, तुला हवे तेवढे प्रश्न विचार."

शंकेला एवढंच हवं होतं! "मॅडम, आधी गुडघा उचलायचा की पाय? आणि पडताना डोळे मिटायचे का? का नाही मिटायचे?" मॅडम हसून सांगू लागल्या. मागे उंच खांब पट्टा सोडी, भिंगरी झटकन दोरी आवळी. शेवटची गाठ मात्र सुटेना. खांबानं हिसका दिला आणि छताचं टोक थेट सरांच्या डोक्यावर आलं!

"कोण आहे रे?" कापडाच्या आतून सर ओरडले.

भिंगरी पुढे झाली. तिनं सगळं सांगून टाकलं. "सर, फरशीवर आहे त्याला काय म्हणता?"

"पट्टा."

"आणि कमरेला बांधतो तो?"

"पट्..." सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलंच माझं, पोरांनो. नीट सांगायला हवं होतं. आणि तुम्हाला उगाच ओरडलो."

मॅडम खळखळून हसल्या. "डोकं शांत ठेवून मार्ग काढलात! अर्धं कराटे तर इथंच आलं. पण उरलेलं अर्धं मी सोडणार नाही हं. चला आत!"

आणि सोडलं नाहीच. भिंगरी घामानं निथळली, एकदा चुकली, पुन्हा उभी राहिली. शेवटी मॅडमनी तिच्या कमरेला नारिंगी पट्टा बांधला, तेव्हा तिला हसावं की रडावं तेच कळेना.

काका मात्र दाराशी घुटमळत होते.

"पोरी, आता तो पिवळा तुझ्या काही कामाचा नाही ना? छताला एक कमी पडतोय!"

"अजिबात नाही, काका!" भिंगरीनं पिवळा पट्टा छातीशी घट्ट धरला. "दोरी देते, चला. मीच बांधते."