दाण्याविना दळण

टक्... टक्... टक्. पत्र्याच्या डब्यावर बोटांनी मारलेले तीन ठोके. कडुबांनी तो आवाज पंचवीस वर्षांपूर्वी पिठाच्या गिरणीत ऐकला होता. पीठ नीट बसावं म्हणून त्यांचा पोरगा बुद्धभूषण डबा वाजवायचा. मग ते म्हणायचे, "दळण झालं, भूषण. घरी चल."

पुढं तोच पोरगा चिकलठाण्याच्या एका ऑफिसात कंप्युटरवर बसला. बापालाही तिथंच शिपाई म्हणून लावून घेतलं. लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम बनवायला, म्हणजे बिल्ड सुरू केलं की टेबलावर तसेच तीन ठोके मारायचा. पाच वर्षांपूर्वी गंगापूर रोडवर अपघातात तो गेला. कडुबा मात्र रोज त्याचं टेबल पुसत राहिले.

त्या रविवारी भर दुपारी ऑफिसात दोघंच होते. दिवाळीनंतर कामाला लागलेल्या सोनियाला औषधांच्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर पाचच्या आत नव्यानं बांधून द्यायचं होतं. कडुबा चहा घेऊन आत आले, तर पोरगी खुर्ची सोडून उभी. डोळे लकाकत होते.

"मामा, इकडं या. भलतीच गंमत झालीय."

"सांग की. कळंल तेवढं कळंल."

"लिहिलेला कोड एका लायब्ररीत असतो. बिल्ड केलं की तयार प्रोग्राम दुसऱ्या लायब्ररीत पडतात."

"म्हंजी एका डब्यात गहू, दुसऱ्यात पीठ."

"बरोब्बर. कोड आहेत दोनशे बारा आणि प्रोग्राम येतायत दोनशे तेरा. पुसून पुन्हा केलं, तरी तेवढेच. आता कोरी लायब्ररी बनवलीय. सेटिंगमध्ये लिहिलं, सगळं हिच्यातच टाक. बघा हं."

तिनं बटण दाबलं. खोलीत हळूहळू गरम पिठाचा वास पसरला... आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर, टक्... टक्... टक्.

"तुम्ही वाजवलं?"

कडुबांच्या दोन्ही हातांत ट्रे होता.

पडद्यावर दोनशे तेराच. शेवटच्या प्रोग्रामचं नाव 'दळण'. सोनियानं खालची ओळ वाचली. "बनवणारा... बुद्धभूषण. तारीख आजची. हा कोण, मामा?"

"माझा पोरगा."

ती सावकाश खाली बसली. भिंतीवरच्या बुद्धभूषणच्या तसबिरीकडं तिनं पाहिलं, मग शेजारच्या टेबलाकडं. "साहेबांचा, अभय सरांचा हुकूम आहे... ज्याला कोड नाही, ते पुसून टाकायचं. नाहीतर गोदामवाले घेणार नाहीत."

जत्रेत हरवलेलं लेकरू लांबून दिसावं, तसं कडुबांना झालं. पाच वर्षांनी पोराचं काहीतरी हाताशी आलं होतं, आणि पाचच्या आत ते पुसलं जाणार होतं.

"पुसू नको, बाई. रिकामं जातं फिरवू नाय म्हणत्यात. लई दमला असंल तो. मूठभर दाणा टाक त्याला."

"म्हणजे?"

"गव्हाच्या डब्यात त्याच्या नावानं कायतरी लिही."

सोनियानं कोडच्या लायब्ररीत 'दळण' नावाचा कोरा प्रोग्राम उघडला. "मशीन जिचं काहीच करत नाही, नुसती जपून ठेवतं, अशी एक ओळ लिहिता येते. काय लिहू?"

"लिही... दळण झालं, भूषण. घरी चल."

तिनं बटण दाबलं. कोड दोनशे तेरा. प्रोग्राम दोनशे तेरा. बनवणारी, सोनिया. या खेपेला ठोके आले नाहीत. शेजारची खुर्ची तेवढी मागं सरकली, दार उघडलं, मिटलं. पिठाचा वास जिन्याकडं निघून गेला.

"जुळलं, मामा..." सोनिया हसत होती आणि डोळे पुसत होती.

तेवढ्यात कडुबांचा फोन वाजला. ट्रे एका हातावर तोलत त्यांनी तो उचलला. मुकुंदवाडीच्या घरून बायको, भामाबाई. कडुबांना कमी ऐकू येई, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"अवं, दळण कुणासंगं धाडलं? दारात डबा ठिवलाय. म्या तर गहू दिलाच नव्हता."

कडुबांनी तसबिरीकडं पाहिलं.

"अन् पीठ गरम हाय अजून..."

फोनमध्ये, तिच्या पाठीमागून, टक्... टक्... टक्.

सोनियानं त्यांच्याकडं पाहिलं. कडुबांनी ट्रे पोराच्या टेबलावर ठेवला, पायात चपला सरकवल्या, आणि ते जिना उतरू लागले.