अडीच सेकंदांची आई

यान चंद्रावर उतरलं, दिवे लागले, टाळ्या झाल्या. आणि मागच्या रांगेतला एक उंच माणूस थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“हा सिनेमा स्वच्छ केला, त्या तुम्हीच ना?”

मी कौतुकाच्या तयारीत हसले. पस्तीस वर्षं जुना विज्ञानपट! रिळांवरचे ओरखडे, डाग, बुरशी... सगळं संगणकावर पुसायला मला दीड वर्ष लागलं होतं.

“मग यान सोडणारी बोटं कुठे गेली?”

ती बोटं! यानाचं खेळणं दोऱ्याने खाली सोडताना कुणाची तरी दोन बोटं डाव्या कोपऱ्यात आली होती. जेमतेम अडीच सेकंद. ती काढायला मी चार दिवस खपले होते.

“ती चूक होती,” मी म्हटलं.

“ती माझी आई होती.”

माझं तोंड एवढंसं झालं.

त्याची आई त्या सिनेमासाठी पुठ्ठ्यापत्र्याची यानं बनवायची. तो चार वर्षांचा असताना ती गेली. घरात तिचे फोटो आहेत, पण हलणारी आई फक्त त्या अडीच सेकंदांत. त्याच्याकडची सिनेमाची जुनी कॅसेटही आता तुटली होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑफिसात साहेबांसमोर उभी राहिले आणि ती बोटं परत घालूया म्हटलं.

“लोक हसतील,” साहेब म्हणाले.

“हसू देत. हवं तर माझं नाव काढा, पण बोटं ठेवा.”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

खरं तर मूळ चित्रं संगणकात जशीच्या तशी होती. काम दहा मिनिटांचं. पण मी त्याला सांगितलं, रंग जुळवायला वेळ लागेल, तुम्ही येऊन बघा. तो दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद करून रोज संध्याकाळी यायचा.

“आम्ही उगाच काही काढून टाकत नाही हं,” तो म्हणायचा.

“म्हणजे मी हौसेने उपटते?”

“तसं म्हटलं नाही... पण रागावलात की छान दिसता.”

मी चटकन पडद्याकडे वळायचे. कान मात्र गरम झालेले असायचे.

बोटं परत आल्यानंतरच्या पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. बोटं दिसली आणि लोक खरंच हसले. मी अंग चोरून बसले. शेजारी बसलेल्या त्याला किती लागलं असेल!

“हसू देत,” तो हळूच म्हणाला. “एवढ्या लोकांनी आज तिला पाहिलं.” त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याचा हात धरला.

बाहेर आल्यावर मला राहवेना. “एक सांगायचंय... ते काम दहा मिनिटांचं होतं. मी तुम्हाला आठ दिवस उगाच हेलपाटे घालायला लावले.”

“माहीत आहे. तिसऱ्या दिवशी साहेब बोलून गेले.”

“मग पुढचे पाच दिवस कशाला आलात?”

“आई तर पहिल्याच दिवशी परत मिळाली होती,” तो म्हणाला. “नंतर मी तुझ्यासाठी येत होतो.”