माळ्यावरची लोकर

एवढासा माळा, आणि या मॅलकीला शनिवारामागून शनिवार लागावेत! गोबनेट हेहिरला हे पटतच नव्हतं. तिच्या गेलेल्या नवऱ्याने तेवढ्यात अख्खा गोठा उभा केला असता... आणि चहाही कमी प्यायला असता.

हा प्राणी पहिल्यांदा दारात आला तोच चिंब भिजून. क्लेअर परगण्यात घर विकायचं तर ते ऊब किती धरून ठेवतं, याचा दर्जा आधी काढून घ्यावा लागतो. तो काढायला आलेला. गोबनेट काय कच्च्या गुरूची चेली? तिने पहाटेच शेगडीत पीटच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा रचून आग भडकवून ठेवली होती.

"बघ, कसं ऊबदार आहे माझं घर!"

मॅलकीने घाम पुसला. "मिसेस हेहिर... आग मोजत नाहीत हो. उलट या धुराड्यातून सगळी ऊब आभाळात जाते, त्याचे गुण कापावे लागतील."

मागे तिची धाकटी लेक, सोरका, खुदकन हसली. त्याने वळून पाहिलं आणि— झालं! हातातला टॉर्च आगीत पडता पडता वाचला.

दर्जा आला सगळ्यात खालचा. दलालाने किंमत धाडकन उतरवली.

"माळ्यावर मेंढीची लोकर अंथरू, फटी बुजवू. भाव चढेल," मॅलकी म्हणाला. "शनिवारी मी येत जाईन. पण पुन्हा दर्जा दुसऱ्या कुणाकडून काढा."

"का? तुला काय झालं?" सोरकाने विचारलं.

"मला आता परक्यासारखं बघता यायचं नाही... घराकडे."

"घराकडे?"

"घराकडेच म्हणालो मी."

घर विकलं की गोबनेट गॉलवेला बहिणीकडे जाणार, सोरका आपला वाटा घेऊन कॅनडाला. ठरलेलंच होतं ते.

दोघं वर लोकर अंथरायची. गोबनेट खाली कान टवकारून.

"नाकाला लोकर लागलीय तुझ्या," मॅलकीचा आवाज.

"काढ की मग."

"हात मळलेत माझे."

"मग राहू दे..."

थर जाड होत गेला, तसं ऐन रंगात आलेलं बोलणं खाली ऐकूच येईना! घर मात्र ऊबदार होत चाललं. कोपऱ्यातली ओलही गेली. दलालाचा फोन आला— गिऱ्हाईक तयार आहे, भाव छान मिळतोय. पावाला लोणी लावणारा सोरकाचा हात थांबला.

आज सोरका दुकानात गेलेली पाहून गोबनेट स्वतः शिडी चढली. बघते तर काय— मॅलकी अंथरलेली लोकर पुन्हा गुंडाळून ठेवत होता!

"हे काय चाललंय?"

तो गोरामोरा झाला. "पुरं झालं की घर विकलं जाईल... आणि ती जाईल. माझ्याच हाताने भाव चढवतोय मी, मिसेस हेहिर."

"तिला सांगितलंस हे?"

"आत्ता सांगितलं त्याने," खालून आवाज आला. शिडीपाशी सोरका उभी होती, केसांवर पावसाचे थेंब. "कॅनडाचं तिकीट अजून काढलं नाहीय मी, मॅलकी. म्हटलं, कुणी थांब म्हणतंय का बघू..."

"थांब," मॅलकी म्हणाला. आवाज इतका बारीक, की गोबनेटलाच कीव आली.

"आळशी समजत होते तुला," ती म्हणाली. "तू आळशी नाहीस रे, नुसता भित्रा आहेस. आता ती लोकर मुकाट्याने पसर. घर विकेन नाहीतर ठेवेन, ते माझं मी बघेन. पण गार घरात माझी पोर मी कुणाला देणार नाही!"