सव्वाचारचा चहा

बटणं दाबणाऱ्या लोकांविषयी माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. सर्व्हर सांभाळायचा म्हणजे आज्ञा टाइप करता आल्या पाहिजेत. हे लोक ब्राउझरमध्ये एक पान उघडतात, ‘चालू’, ‘बंद’ अशी रंगीत बटणं दाबतात आणि वर स्वतःला इंजिनिअर म्हणवतात. कप्पाळ! तारापूरच्या एका केमिकल कंपनीने मला बोलावलं ते असलंच एक पान साफ करायला.

शुक्रवार होता, तारापूरच्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. केळव्याहून बाइकने निघालो, तीनला पोचलो. कारखाना गप्प होता. मागे टाकी धुणारी चार माणसं होती, आणि चहा देणाऱ्या रखमाबाई. त्यांचा नवरा झुंबर टाकीतच उतरला होता. टाकीत गॅस साचला की एक भोंगा वाजायचा, आणि तो भोंगा या सर्व्हरवरून चालायचा.

रखमाबाईंनी कॉम्प्युटरची खोली उघडून दिली, मी पान उघडलं. ते वापरणाऱ्यांच्या यादीत एकच नाव. नरहरी.

“हा कोण?”

“पयला कंप्युटरवाला,” रखमाबाई म्हणाल्या. “तीन वर्सं झाली जाऊन. भोंगा अडकलेला, त्याला म्हाईत नाय. टाकीत वाकला तो वाकलाच.”

मला हसूच आलं. मेलेल्याचा पासवर्ड सगळी कंपनी वापरतेय, आयत्या बिळावर नागोबा! नोंदी बघितल्या. रोज दुपारी सव्वाचारला नरहरी भोंगा बंद करून पुन्हा चालू करत होता, अडकू नये म्हणून करतात तसा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आपोआप व्हावं असं काही लावलेलं नव्हतं. दर वेळी हाताने बटण दाबलेलं, आणि तेही याच मशीनवरून.

“इथे कोण येऊन बसतं?”

“कोन नाय. कुलूप असतं. किल्ली माझ्याकडं.”

असं म्हणून त्यांनी कीबोर्डशेजारी चहाचा कप ठेवला. मी हात पुढे केला तर म्हणतात, “तुमचा नाय, साहेब. नरहरीकाकांचा हाय. मी रोज ठेवते... तसाच ऱ्हातो.”

वा रे वा! जिवंत माणूस उन्हातून बाइक हाणत आलाय, आणि चहा मेलेल्याला! मी तो कप उचलला आणि त्यांच्यादेखत पिऊन टाकला. मग नरहरीचं नाव निवडलं आणि पुसून टाकलं.

“गेला तुमचा काका,” मी म्हणालो.

रखमाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

सव्वाचार वाजले. मी बसलो होतो ती खुर्ची कुरकुरली आणि खाली दबली, वजन वाढल्यासारखी. मी हललोही नव्हतो.

मग वास आला. सडक्या अंड्यांचा, खिडकीतून, टाकीच्या बाजूने. थोड्या वेळाने तो येईनासा झाला. तो गॅस वाढला की आधी नाक मरतं, हे तारापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

“साहेब... भोंगा का नाय वाजत?”

“चालू आहे. हे बघा, हिरवं दिसतंय.”

“काका गेला तवाबी हिरवंच होतं...”

मी टाइप करायला लागलो. बोटं चालत होती, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. रखमाबाई नवऱ्याला हाका मारत टाकीकडे धावल्या. आणि माझा उजवा हात कीबोर्डवरून उठला. मी उठवला नाही हो! तो माऊसवर गेला. बर्फासारखा गार पडला होता. बंद. चालू.

भोंगा किंचाळला. वरच्या माणसांनी दोरी ओढली, झुंबर बाहेर आला, ओकला आणि वाचला. रखमाबाईंनी येऊन माझे पाय धरले. भ्यालो होतो, सरळ सांगतो. पडद्यावर शेवटची नोंद होती: ४.१५, केदार. घड्याळात साडेचार व्हायला आले होते, आणि माझं नाव मी त्या पानात कधी घातलंच नव्हतं.

या गोष्टीला दोन महिने झाले. मी बोईसरच्या पुढे, तारापूरला, गेलो नाही. पैसेसुद्धा मागितले नाहीत. हल्ली दुपारी चारला डोळा लागतो तेवढा, आणि साडेचारला उघडतो तेव्हा उजवा हात गार असतो. वाडीतली हवा, दुसरं काय, असं मी घरात सांगतो.

काल रखमाबाईंचा फोन आला.

“साहेब, झुंबर लागला हो कामाला. तुमचे उपकार. पन एक इचारू? रोज सव्वाचारला येता, कंप्युटरपुढं पाठ करून बसता. हाक मारली तर वळत नाय. आमचं काय चुकलं काय?”

“मी? बाई, मी त्या दिवसानंतर तारापूरला आलोच नाही.”

मग त्या हळूच म्हणाल्या, “चहा तरी घेत जा, साहेब. तसाच ऱ्हातो...”