रक्तात न उतरलेलं औषध

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा बालसंरक्षण अधिकारी लेओन्तिना जेवायला बसत होती. डॉक्टर म्हणाले, आठ वर्षांच्या अनिसियाच्या रक्तात बायोटिन जवळजवळ नाहीच. जन्मापासूनच तिच्या शरीराला हे जीवनसत्त्व जपून वापरता येत नाही. ते रोज वरून द्यावं लागतं, जन्मभर. आता केस गळताहेत, तोल जातोय, कानही जायच्या वाटेवर आहेत.

"आई औषध देत नाही आणि वर खोटं बोलते. मुलीला तिच्याकडून काढून घ्या."

लेओन्तिना मुलीला ताब्यात घ्यायचा हुकूम घेऊनच बुकोविना प्रांतातल्या अनिसियाच्या गावी पोचली. फक्त सही बाकी होती.

अनिसियाची आई झाम्फिरा चुलीपाशी उभी होती.

"औषध रोज देता?"

"माझ्या हातानं, तिच्या जिभेवर. वर पाणी पिते आणि चर्चमध्ये गाणं शिकायला पळते."

"बिघडलं कधीपासून?"

"पूर्वी पुडी होती, पाण्यात कालवायची. हिवाळ्यात कॅप्सूल आल्या. त्यांवरही चांगली होती. ईस्टरआधीचा मोठा उपवास लागला, मांस-दूध बंद झालं आणि उतरत गेली. पण मला कशाला विचारता, बाई? तुमचा कागद तर लिहून तयार दिसतोय."

लेओन्तिनाला ते लागलं. डबीतल्या कॅप्सूल हॉस्पिटलनं तपासल्या होत्या. त्या अस्सल होत्या. मग औषध जात कुठे होतं?

अंगणात अनिसिया डोक्याला रुमाल बांधून बसली होती. लेओन्तिनानं पर्समधून खाऊच्या दोन गोळ्या काढल्या, एक कडक लिंबाची, एक मऊ जेलीची. मुलीनं लिंबाची घेतली, जेलीची परत केली.

"उपवास आहे," ती म्हणाली.

दोन्ही गोळ्या गोडच. मग एक चालते, दुसरी का नाही?

चर्चमध्ये स्तोत्रं गाणारे आणि पोरांना गाणं शिकवणारे म्हातारे सोफ्रोनी भेटले. पोरगी बेसूर व्हायला लागली म्हणून आपण रागावलो, तिला ऐकूच येत नाही हे ठाऊक नव्हतं, असं ते पडेल आवाजात सांगत राहिले. लेओन्तिनाचं लक्ष ओसरीवर होतं. तिथं मेणबत्त्या लावायची वाळूची दोन तबकं होती, एक मेलेल्यांसाठी, एक जिवंतांसाठी. जिवंतांची वाळू एका कडेला उकरून पुन्हा सारखी केलेली दिसत होती; तिथं तिनं बोटं खुपसली.

मग मायलेकींना बोलावून तिनं मूठ उघडली. तळव्यावर वाळू चिकटलेल्या, अर्धवट विरघळलेल्या कॅप्सूल होत्या.

"आईनं औषध दिलं, ते खरं. मुलीनं ते गालात धरलं आणि इथं आणून पुरलं. पुडी असती तर हे घडलंच नसतं. सोफ्रोनीकाका, उपवासात जेली खाणाऱ्या पोरांना तुम्ही काय सांगितलंत?"

सोफ्रोनींचा चेहरा उतरला. "की जेली जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. उपवास मोडतो."

"कॅप्सूलचं टरफलही त्याचंच. डबीवर तसं लिहिलंय, ते हिनं वाचलं."

अनिसिया आईच्या झग्याआड गेली. "ईस्टरला मला एकटीनं गायचंय," ती पुटपुटली. "उपवास मोडलेल्या तोंडानं कसं गाऊ? आईनं दिलेलं टाकवेना म्हणून जिवंतांच्या वाळूत ठेवलं. आईसाठी."

झाम्फिरानं तिला घट्ट धरलं. लेओन्तिनानं हुकुमाच्या चार घड्या करून तो पर्समध्ये कोंबला. कान किती परत येतील, हे मात्र तिला कुणी सांगू शकणार नव्हतं.

सोफ्रोनींनी झाम्फिराकडून डबी घेतली. कॅप्सूल उघडून पूड चमचाभर मधात कालवली आणि गुडघे टेकून मुलीच्या कानाशी गेले.

"आजाऱ्याला उपवास नसतो, बाळा. ते सांगायचं मी विसरलो. उघड तोंड. गाताना उघडतेस तसं."