खिडकीतल्या काळ्या माश्या

"काका, थांबा! माश्यांनी काही केलेलं नाही!" बेगीमाय दारात आडवी उभी राहिली.

"बाजूला हो गं! लोकरीच्या नमद्यांना भोकं पडलीत, आत पांढऱ्या अळ्या वळवळतायत आणि खिडकीवर या काळ्या बारक्या माश्या! आणखी काय पुरावा हवा?"

शारशेकाकांच्या हातात मेंढ्यांच्या गोचिडांवरचं औषध भरलेला पंप होता. ते औषध लागलं की रंग उतरलाच! ताईच्या लग्नासाठी आजीने शिवलेले लाल-तपकिरी नमदे मातीमोल होणार होते.

तिच्या धाकट्या भावाने, तोलोगोनने, बरणी पुढे केली. "काल हिच्यात या माशीची एक पांढरी अळी आणि एक कसरीची अळी ठेवली होती. बघा, कसरीचं नुसतं साल उरलंय! पांढरी अळी लोकर नाही खात, लोकर खाणाऱ्या चोराला खाते!"

"कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" काकांनी विचारलं.

पुस्तकात या माशीचं नावसुद्धा नव्हतं. पोरांचं ऐकतो कोण?

"बरं, मारा औषध," बेगीमाय म्हणाली. "पण आधी ही नमद्यांची चळत उतरवू या. तळापर्यंत पोचायला नको?"

काका दचकले. "चळतीला हात लावायचा नाही! वराकडची माणसं येतायत. नमद्या-रजयांची चळत जेवढी उंच, तेवढी घराची पत!"

औषध मारायचं, पण तळ दाखवायचा नाही? बेगीमायने अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "आजी! काका चळत उतरवू देत नाहीत!"

आजी काठी टेकत आली. "का रे शारशे? उन्हाळा आला, नमद्यांना ऊन नको दाखवायला? उतरवा रे पोरांनो!"

दोघांनी भराभर थर उतरवले. तळाशी, रजईत गुंडाळलेलं पोतं! आत न धुतलेली लोकर, आणि तिच्यात नुसती कसर बुजबुजलेली!

"उंची जरा वाढावी म्हणून ठेवलं होतं..." काका पुटपुटले.

"बडा घर पोकळ वासा!" आजी कडाडली. "टाक ते पोतं बाहेर! आणि पंपसुद्धा!"

नमदे उन्हात पसरले. वरचे जवळजवळ धड होते. तळातल्याची मात्र चाळण झाली होती.

"शाबास रे माझ्या वाघांनो! तुम्ही नसतात तर एकही उरला नसता," आजी म्हणाली. काकांनीही मान खाली घालून दोघांच्या पाठीवर हात ठेवला.

आजी मात्र तळातला नमदा बोटांनी चाचपत राहिली. तो तिने सगळ्यात शेवटी शिवला होता. आता तिला सुईचं नेढंही दिसत नव्हतं. बेगीमाय तिच्या कुशीत शिरली आणि हमसून हमसून रडली.