कोरी पिशवी, उपडा कप

काकूंनी पिशवीची शिवण उसवली, ताईंनी आत हात न घालता पिशवी टेबलावर उपडी केली, आणि आतून जे पडलं ते घरंगळत थेट ढब्बूच्या अंगठ्यावर उतरलं.

"मेलो," म्हणून ढब्बू खालीच बसला.

"पिस्तूल?" अण्णांनी डोळे गच्च मिटून विचारलं.

"किलोचं माप," ढब्बू अंगठा कुरवाळत म्हणाला. "तराजूचं, लोखंडी. पिस्तूल असतं तर कमी लागलं असतं."

खोलीत कुणी हसलं नाही. ढब्बूला तेव्हा कळलं की आपल्या अंगठ्याहून काहीतरी मोठं बिघडलं आहे.

तर झालं होतं असं. शांत घर समिती नावाची एक मंडळी त्या वस्तीत काम करत असे. ज्या घरात नवराबायकोचं भांडण हातघाईवर येतं आणि कपाटात बंदूक असते, त्या घरातली बंदूक गोडीगुलाबीने बाहेर काढायची आणि डोकी थंड होईपर्यंत समितीच्या लोखंडी कपाटात ठेवायची, हा तिचा धंदा. पोलीस चौकी, दवाखाना, दुकानदार, शेजारीपाजारी या सगळ्यांची मोट बांधायचं काम ताईंचं. अण्णा न्हावी, कारण केस कापून घेताना माणूस बायकोबद्दल जे बोलतो ते न्यायाधीशापुढेही बोलत नाही. काकू शिवणकाम करायच्या. प्रत्येक बंदुकीसाठी जाड पांढऱ्या मांजरपाटाची नवी पिशवी त्याच शिवत. मालकाने पडद्याआड जाऊन आपल्या हाताने बंदूक पिशवीत ठेवायची, काकूंनी वरून टाके घालायचे, आणि मग सगळ्यांनी त्याचे आभार मानायचे. पडदा कशाला? माणूस चांगलं काम करायला आलाय, त्याच्याकडे चोरासारखं बघू नये म्हणून. ताईंचा त्यावर फार कटाक्ष.

आजची पिशवी गोडसाहेबांची होती. गोडसाहेब घरांचे दलाल. जिभेवर अशी साखर, की गळकं घरसुद्धा माणूस हसत हसत घेई. त्यांची बायको, ग्रंथपालबाई, मार खाऊन माहेरी आली होती. साहेबांनी रडत रडत पिस्तूल समितीला दिलं, समुपदेशनाला बसले, सुधारले, असं सगळे म्हणत होते. आज ते बायकोला घरी न्यायला आले होते. बाईंनी एवढंच सांगितलं होतं की निघण्यापूर्वी ते पिस्तूल कपाटात आहे हे मला डोळ्यांनी बघायचंय, आणि बघताना आत्या हवी.

आत्या म्हणजे ढब्बूची आत्या, खासगी गुप्तहेर. देवाने तिला बुद्धी दिली तेव्हा ढब्बू बहुतेक फराळाच्या रांगेत उभा असावा. पण सोबतीला तोच असे, आणि आत्याला दुसरं कुणी चालतही नसे.

"घात झाला," गोडसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "मी विश्वासाने ठेवलं हो. आता ते कुणाच्या हातात असेल? उद्या कुणाला काही झालं तर माझ्यावर नको यायला. हे आधी कागदावर घ्या, ताई."

"घेऊ की," आत्या म्हणाली. "आधी चार शब्द विचारते सगळ्यांना. चहा करायला सांगा. ढब्बू, ऊठ."

चहा आला. आत्याने एका घोटात आपला कप संपवला आणि बशीवर उपडा घातला. मग पिशवी उलटी करून खिडकीजवळ नेली. आतल्या पांढऱ्या कापडावर तांबूस कडं उमटलं होतं, मापाच्या तळाएवढं. बाकी कापड कोरं होतं. आत्याने ते नाकाशी नेलं.

"वास कसला घेतेस, पिस्तुलाचा?" ढब्बूने विचारलं आणि रिकामा कप दिसला म्हणून सुलटा करून पुन्हा भरला. आदरातिथ्यात तो कधी कमी पडत नसे.

आत्याने त्याच्याकडे बघितलं, चहा खिडकीबाहेर ओतला आणि कप पुन्हा उपडा घातला.

"काकू, दुसऱ्या बंदुकांच्या पिशव्या अशाच असतात?"

"कुठल्या अशा?" काकू उखडल्या. "मेलं ते तेल. परत नेलेल्या बंदुकीची पिशवी बघा, एवढा मोठा डाग. सोडा घातला, ऊन दाखवलं, ढिम्म नाही. म्हणून तर दर वेळी नवी शिवते. कुणाला त्याचं काही आहे का?" बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ती डागाची पिशवी घरी आहे माझ्या. आणते दाखवायला. बाई, तुम्ही येता का हो बरोबर? माळ्यावर आहे, शिडी धरायला कुणीतरी हवं."

ग्रंथपालबाईंनीही टेबलाकडे पाहिलं, आणि पर्स उचलून काकूंच्या मागे मागच्या दाराने निघाल्या.

"अगं, कुठे?" गोडसाहेब अर्धवट उठले. "पिस्तुलाचं होईल मागाहून. आपण घरी निघू."

"शिडी धरून येते," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

ढब्बू आत्याच्या कानाशी लागला. "अगं, त्या बिचाऱ्या बाईंना काकूंबरोबर कशाला सोडलंस? आणि ती काकू तर संशयित आहे. टाके तिच्याच हातचे."

"चहा पी," आत्या म्हणाली.

ढब्बूने स्वतःचा प्यायला, आणि आत्याचा कप सुलटा करून त्यात ओतला. आत्याने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"ताई, कपाट उघडतं कसं?"

"दोन कुलुपं, दोन किल्ल्या. एक माझी, एक अण्णांची. दोघं असल्याशिवाय उघडत नाही. मला एकटीला उघडताच येत नाही, आत्या."

"दोघं मिळून उघडता येतं, नाही का," गोडसाहेब हळूच म्हणाले. "मी कुणावर आरोप करत नाही हं. फक्त म्हणतो."

अण्णांचा चेहरा पडला. "साहेब, मी तुमची दाढी करतो. गळ्यावर वस्तरा फिरवतो. मला चोरीच करायची असती तर पिस्तूल कशाला हवं होतं?"

"अण्णा, तुमचं कुलूप कसं चालतं?" आत्याने विचारलं.

"चालतंय कुठे. कपाटामागे न्हाणीघराची भिंत, सारखी ओल. केव्हापासून सांगतोय तेल सोडा. आज किल्ली फिरवताना मनगट दुखलं माझं." अण्णांनी मनगट दाखवलं, आणि मनगटावरून त्यांची नजर टेबलावरच्या कपाकडे घसरली. आत्याने तो मघाशीच पुन्हा उपडा घातला होता. "गिऱ्हाईक बसवून आलोय दुकानात," ते म्हणाले. "अर्ध्या डोक्याचं. आलोच."

"माझाही फोन आलाय," ताई म्हणाल्या. फोन टेबलावर निपचित पडला होता. तो घेऊन त्याही गेल्या.

आता खोलीत तिघंच. ढब्बू दाराकडे बघत राहिला. संशयितांची जत्रा आत्याच्या नाकासमोरून उठून गेली होती. बिचारे गोडसाहेब तेवढे बसून होते, भिंतीला उजवा खांदा टेकून, आणि उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात त्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. ढब्बूला दया आली.

"साहेब, कोट द्या इकडे. खुंटीला अडकवतो. केवढा लोंबतोय एका बाजूला, शिवण जाईल," म्हणत त्याने कॉलरला हात घातला.

"हात लावू नको."

तो आवाज साखरेचा नव्हता. ढब्बूचा हात हवेतच राहिला. दुसऱ्या क्षणी साहेब हसले. "सर्दी आहे हो जरा."

"ढब्बू," आत्या शांतपणे म्हणाली, "जा, बाहेर फिरून ये."

"तुला एकटीला सोडून? चोर मोकाट आहे, आत्या. मी नाही जाणार." आणि तो तिच्या खुर्चीला चिकटून उभा राहिला. हलेना.

आत्याच्या चेहऱ्यावर राग आणि माया अशी काही एकदमच उमटली, की ढब्बू गोंधळला. मग तिने कागद आणि पेन साहेबांपुढे सरकवलं. "तुमचं म्हणणं रास्त आहे. कागदावर यायलाच हवं. तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षरात. सविस्तर. पिस्तूल कसं होतं, कुणाच्या ताब्यात दिलं, आणि आता ते तुमच्याजवळ नाही."

गोडसाहेबांचा चेहरा उजळला. ते टेबलाशी सरकले, डाव्या हाताने कागद दाबला, उजव्या हाताने लिहायला लागले. छान गोल अक्षर होतं. आत्या मधून मधून शब्द सुचवत होती. 'चोरीस गेले असून ते सद्यस्थितीत माझ्याजवळ नाही' हे वाक्य तिने त्यांना अधोरेखित करायला लावलं.

मागच्या दारातून पोलीस चौकीच्या जमादारीणबाई अनवाणी आत आल्या, हे ढब्बूला दिसलं. दिसलं म्हणून तो "या, चहा घ्या" म्हणणारच होता, पण आत्याने त्याच्या दुखऱ्या अंगठ्यावर पाय दिला.

"हात तसेच टेबलावर राहू द्या, साहेब," जमादारीणबाई त्यांच्या मानेमागून म्हणाल्या. "अक्षर फार सुरेख आहे तुमचं." आणि त्यांनी कोटाच्या उजव्या खिशातून पिस्तूल काढून घेतलं. भरलेलं होतं.

बसायला स्टूल शोधत तो जमिनीवर बसला.

संध्याकाळी अण्णांच्या दुकानात सगळे जमले. बाकावर जागा नव्हती म्हणून ढब्बूला केस कापायच्या खुर्चीत बसवलं. अण्णांनी सवयीने त्याच्या गळ्यात पांढरं कापड बांधलं.

"मला पहिल्यापासून सांग," तो कापडातून म्हणाला. "किल्ल्या दोघांकडे, टाके काकूंचे. मग चोरी केली कुणी?"

"चोरी झालीच नाही," आत्या म्हणाली. "काकूंनी सांगितलं, पिस्तूल ठेवलं की कापडाला तेल लागतं, आणि ते जात नाही. ही पिशवी आतून कोरी. म्हणजे तिच्यात पिस्तूल कधी गेलंच नाही."

"पण तांबूस डाग होता ना?"

"गंजाचा. अण्णांच्या कुलपाला खाल्लं त्याच ओलीने मापाला खाल्लं. कालपरवा कुणी माप आत टाकलं असतं तर कापडावर गंजाचं कडं उमटलं नसतं. ते पहिल्या दिवसापासून आत होतं. आणि पहिल्या दिवशी पडद्याआड पिशवी कुणी भरली?"

ताईंनी मान खाली घातली. "त्याला अपमान वाटू नये म्हणून मीच पडदा लावला होता."

"पडदा राहू द्या. आत जमादारीणबाईंना उभं करा," आत्या म्हणाली.

"पण मग बाईंनी पिशवी उघडायला लावली, तेव्हा तो घाबरला नाही?" अण्णांनी विचारलं.

"बाईंनी सांगितलं नसतं तर त्यानेच सांगितलं असतं. पिस्तूल समितीकडून चोरीला गेलं, असा कागद त्याला हवा होता. कुणाला काही झालं तर माझ्यावर नको यायला, हे पहिलंच वाक्य. पिस्तूल हरवलेला माणूस पिस्तूल शोधतो. हा कागद मागत होता, आणि बायकोला घेऊन लगेच निघायची घाई करत होता. वर उकाड्यात कोट, एक खिसा लोंबलेला, तीच बाजू भिंतीकडे. पिस्तूल खोलीतच होतं, ढब्बू. मला आधी बाईंना बाहेर काढायचं होतं, मग बाकीच्यांना."

"पण तू तर कुणालाच जा म्हणाली नाहीस."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ताईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, "ढब्बूभाऊ, तुम्ही प्रशिक्षणाला आला होतात ना? दुकानदारांच्या, शेजाऱ्यांच्या?"

"आलो होतो. खुर्च्या फार आरामाच्या होत्या."

"उपडा कप दिसला की इथे धोका आहे. प्रश्न विचारायचे नाहीत, काहीतरी निमित्त काढून एकेकाने निघायचं, ज्याच्या जिवाला धोका त्याला आधी न्यायचं, आणि चौकीत कळवायचं. वस्तीतल्या पोरासोरांना पाठ आहे."

ढब्बूने हळूच कापड नाकापर्यंत ओढून घेतलं. "मी तो किती वेळा सुलटा केला?"

"मोजलं नाही," आत्या म्हणाली. "पण तुझ्या त्या आग्रहामुळे त्याला एका क्षणालाही संशय आला नाही. एवढं बावळट नाटक मला साधलं नसतं. आणि मी जा म्हटलं तेव्हा तू गेला नाहीस, हेही लक्षात आहे माझ्या."

काकू हसल्या, अण्णा हसले, आणि ढब्बूला नेमकं कुठे हसायचं ते कळेना म्हणून तोही हसला.

ग्रंथपालबाई कोपऱ्यात बसून होत्या, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. दिवसभर त्या जेमतेम एकदोन वाक्यं बोलल्या होत्या. हसणं ओसरलं तशा म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

"माहेरी सोडू ना," ताई म्हणाल्या.

"नाही. माझ्या घरी. माझी पुस्तकं तिथे आहेत, माझी झाडं तिथे आहेत. इतके दिवस मीच का बाहेर?"

मग सगळे एकदम उठले. जमादारीणबाई म्हणाल्या, दारावर माणूस देते, तो आत आहे तोवरही आणि सुटला तरीही. अण्णा म्हणाले, कडी मी बदलतो. काकू म्हणाल्या, आज मी मुक्कामाला. पुढे कुणी चालायचं, मागे कुणी राहायचं, यावरून ताईंनी तिथल्या तिथे एक उपसमिती नेमायला घेतली, तेव्हा आत्याने त्यांना दंडाला धरून रस्त्यावर आणलं. ढब्बू गळ्यात कापड तसंच घेऊन लंगडत मागे.

घराशी आल्यावर अण्णा आधी आत शिरायला निघाले. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी मी."

त्यांनी दार उघडलं, आत गेल्या, आणि एकेका खोलीतला दिवा लावत गेल्या. सगळे दिवे लागले तेव्हा त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "या ना. बाहेर का उभे?"